संधिवाताच्या हातांना कुठलं पिस्तूल झेपतं?

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. वय ६८, ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीमध्ये एकट्या राहतात, अमेरिकन नागरिक आहेत. १२ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात, उजव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा जवळजवळ गेलेला. गेल्या वर्षी मागच्या गल्लीत घरफोडी झाली, तेव्हा ऑस्टिनला राहणाऱ्या मुलाने दुकानातून पाच गोळ्यांचं छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर आणून दिलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, बायकांना हेच सोपं. ताईंना त्याचा चाप एका बोटाने दाबतच नाही. दोन बोटं घातली तर निम्म्यावर येऊन थांबतो. दुकानदार म्हणतो सवयीने जमेल. जमेल का, की दुसरं काही घ्यावं?

नाही जमणार, ताई. आणि यात तुमची काही चूक नाही, म्हणून "मीच कमी पडते" हे आधी डोक्यातून काढा. मी २२ वर्षं हातांची थेरपिस्ट म्हणून काम केलं आणि गेली ११ वर्षं शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर शिकवते, त्यात बहुतेक साठीच्या पुढची माणसं. बाई दिसली की छोटं रिव्हॉल्व्हर पुढे करायचं, ही इथल्या काउंटरची जुनी खोड आहे. लहान म्हणजे सोपं, असा त्यांचा हिशेब. दुखऱ्या हातांना तो नेमका उलटा पडतो. सवयीने स्नायू तयार होतो हे खरं, पण झिजलेल्या सांध्यावर रोज पन्नास वेळा तोच ताण दिला तर सांधा सुजतो, एवढंच होतं.

त्या रिव्हॉल्व्हरच्या पोटात काय चालतं ते बघा. चाप मागे येताना एकाच ओढीत गोळ्यांचं चक्र एक घर फिरतं, घोडा, म्हणजे काडतुसाला ठोका देणारा हातोडा, मागे जातो आणि शेवटी सुटतो. हे सगळं काम तुमची तर्जनी करते. अशा लहान रिव्हॉल्व्हरच्या चापाला साधारण १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास जोर लागतो. हत्यार स्वतः असतं जेमतेम ४०० ते ४५० ग्रॅमचं. म्हणजे अर्धा किलोपेक्षा हलकी वस्तू हवेत स्थिर धरून तिच्यावर साडेपाच किलोचा जोर लावायचा, तोही बोटाच्या टोकाने, आणि वस्तू हलता कामा नये. धडधाकट माणसाचा नेम यात चुकतो, तुमचा हात तर आधीच दुखतोय.

तुमच्याकडच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा बाहेर दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बाहेर असता तर अंगठ्याने तो आधी मागे ओढून ठेवता आला असता, मग चापाला तीन-चार पौंड पुरतात. हा उपाय बरेच जण सुचवतात. पण घोडा ओढायला लागतो अंगठा, आणि तुमचा गेलाय तो अंगठाच. शिवाय एकदा घोडा चढवला आणि गोळी मारायची वेळच आली नाही, तर भरलेल्या हत्यारावर तो हळूच खाली उतरवावा लागतो. थरथरत्या अंगठ्यातून तो निसटला तर गोळी सुटते. माझ्या वर्गात मी हे कुणालाच करू देत नाही.

दुसरा सल्ला येईल, आतल्या स्प्रिंग बदलून मऊ करून घ्या. कारागीर करून देतात. पण स्प्रिंग मऊ झाली की घोड्याचा ठोकाही मऊ पडतो, आणि टणक टोपीच्या (टोपी म्हणजे बुडाशी ठिणगी देणारा भाग) काडतुसाला तो पुरत नाही. चाप दाबला, टक् झालं, गोळी उडालीच नाही. सरावात चालतं, रात्री दोन वाजता नाही.

मग .२२ चं, म्हणजे अगदी बारीक गोळीचं, रिव्हॉल्व्हर? धक्का नाहीच्या बरोबर, आठ गोळ्या, रुगर एलसीआर सारखं हलकं. ऐकायला फार गोड. पण .२२ च्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेला असतो आणि ती कड चेपायला जास्त जोराचा ठोका लागतो. त्यामुळे .२२ रिव्हॉल्व्हरचा चाप बहुधा मोठ्या .३८ भावंडापेक्षाही कडक निघतो. कितीतरी जणी धक्का कमी म्हणून ते घेऊन आल्या आणि चाप दाबता येत नाही म्हणून परत गेल्या.

आता पिस्तूल. इथे दुकानदार मान हलवतो: ऑटोमॅटिकची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग जो मागे ओढून सोडला की गोळी नळीत चढते, ती तुम्हाला ओढता येणार नाही. अर्धं खरं आहे. पण मी लोकांना एकच गोष्ट विचारते: जोराचं काम तुम्हाला करायचंय कधी? रिव्हॉल्व्हरमध्ये ते प्रत्येक गोळीला करावं लागतं, घाबरलेलं असताना, अंधारात. पिस्तुलात जोराचं काम म्हणजे स्लाइड ओढणं आणि मॅगझिन (मुठीत सरकणारी गोळ्यांची पेटी) भरणं, आणि ही दोन्ही तुम्ही दुपारी, औषध घेतल्यावर, हात शेकून, वाटल्यास मुलाच्या मदतीने उरकू शकता. प्रसंगाच्या वेळी उरतो तो चाप, आणि चांगल्या पिस्तुलात तो पाचेक पौंडांचा आणि छोट्या ओढीचा असतो. मध्येच पिस्तूल अडकलं तर स्लाइड पुन्हा ओढावीच लागते, म्हणून ती अजिबात ओढता येत नसेल तर पिस्तूल घेऊ नये. पण "अजिबात येत नाही" म्हणणाऱ्या दहांतल्या सात-आठ जणांना ती येते. आतापर्यंत ते चुकीच्या बोटांनी ओढत असतात, एवढंच.

एक निवृत्त इंजिनियर काका आठवतात. पुण्याच्या एका कारखान्यात आयुष्य गेलेलं, हात मोठे, पण दोन्ही अंगठ्यांचे सांधे झिजलेले. स्लाइडचा मागचा भाग अंगठा आणि वाकवलेली तर्जनी यांच्या चिमटीत धरून ते ओढत होते, चेहरा लाल, स्लाइड बोटभर हलून परत पुढे. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना दुखतं ती जागा हीच, अंगठ्याचं मूळ. चिमटीच्या टोकाला एक किलो जोर लावला की अंगठ्याच्या मुळाशी त्याच्या कित्येक पट भार येतो. मी म्हटलं, काका, चिमूट सोडा. रिकामं पिस्तूल उजव्या हातात, कोपर पोटाजवळ, नळी समोरच्या भिंतीकडे. डावा तळवा स्लाइडच्या वर पालथा टाका, चार बोटं पलीकडून वळवून मूठ करा, अंगठा तुमच्या छातीकडे मोकळा. आता डावा हात हलवायचाच नाही. उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला, पाट्यावर वरवंटा सरकवताना खांद्याचं वजन जातं ना, तसं. स्लाइड खाड्कन पूर्ण मागे आली. काका माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं कुणी?"

यात दोन सावधगिऱ्या आहेत. पिस्तूल पोटाजवळ धरलं की नळी डावीकडे वळायला बघते आणि शेजारी उभ्या माणसाकडे जाते. म्हणून स्वतःचं अंग उजवीकडे थोडं वळवा, नळी समोरच राहील. आणि स्लाइड पूर्ण मागे आल्यावर हात सरळ उचलून घ्या. तिला हळूहळू पुढे सोबत नेलं तर गोळी नीट बसत नाही.

ऱ्हुमॅटॉइडवाल्यांसाठी आणखी एक. स्टिरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या असतील तर हाताची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, आणि स्लाइडवरच्या धारदार खाचा ती सोलतात. सरावाला पातळ चामड्याचा हातमोजा घाला. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कुठलं घ्यायचं याआधी, कुठलं टाळायचं. .३८० म्हणजे ९ एमएमपेक्षा मवाळ काडतूस. त्याच्या लहान पिस्तुलांपैकी जुन्या धाटणीची, वाल्थर पीपीके किंवा बेर्सा थंडर सारखी, दिसायला नाजूक पण ओढायला भारी असतात. त्यांना ब्लोबॅक म्हणतात. गोळी सुटताना मागचं दार फक्त स्लाइडच्या वजनाने आणि स्प्रिंगने बंद राहतं, त्यामुळे स्प्रिंग कडक ठेवावी लागते. मोठ्या ९ एमएम पिस्तुलात नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकलेली असतात, म्हणून स्प्रिंग तुलनेने मऊ चालते. पुष्कळ ९ एमएमच्या स्लाइड पीपीकेपेक्षा सोप्या जातात, हे माणसांना स्वतः ओढून बघेपर्यंत पटत नाही.

हा अडकवण्याचा प्रकार आणि .३८० चं मवाळ काडतूस एकत्र आणून, आत लपलेला घोडा ठेवून, स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये शील्ड ईझेड काढलं. तुमच्यासारख्या हातांसाठी माझी पहिली पसंती अजून तेच आहे. स्लाइड खरोखर मऊ आहे आणि तिच्या मागच्या टोकाला पकडीसाठी बाहेर आलेले कान आहेत. मॅगझिन आठ गोळ्यांचं, त्याला बाजूला बटण आहे. ते खाली दाबून धरलं की गोळ्या वरून नुसत्या सोडायच्या, अंगठ्याने रेटायच्या नाहीत. वजन सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे धक्का खायला पुरेसं. उघडून साफ करतानाही चाप दाबावा लागत नाही, एक तरफ फिरवली की झालं. ग्लॉकसारख्या पिस्तुलांत आधी चाप दाबून, मग स्लाइड किंचित मागे धरून दोन्ही बाजूंच्या बारीक पट्ट्या एकदम खाली ओढाव्या लागतात. वाकड्या बोटांना तो छळ आहे.

ईझेडमध्ये एक खोट आहे आणि ती तुमच्या बाबतीत महत्त्वाची. मुठीच्या मागे दाबली जाणारी सेफ्टी आहे. तळवा तिच्यावर पूर्ण बसला तरच गोळी सुटते. तुमच्या मुठीत ताकद नाही, मनगटाला पट्टा आहे, तर तळवा अर्धवट बसू शकतो आणि पिस्तूल ऐन वेळी गप्प राहतं. माझ्या एका विद्यार्थिनीचं असंच व्हायचं, दहांत दोनदा. तिला मग रुगरचं सिक्युरिटी-३८० दिलं, २०२३ चं मॉडेल. स्लाइड जवळपास तितकीच सोपी, मुठीची सेफ्टी नाही, गोळ्या जास्त मावतात, फक्त मॅगझिन भरायला त्रास. तिला सिग पी३६५-३८० सुद्धा ओढता आलं, पण त्याची मूठ बारीक. सुजलेल्या बोटांना बारीक मूठ आवळणं जड जातं. केरसुणीपेक्षा जाड दांड्याचा झाडू धरायला बरा, त्यातलाच प्रकार.

ईझेड ९ एमएममध्येही मिळतं. तुम्हाला .३८० च बरं, पण कुणी जुनं ९ एमएम विकायला काढलंय म्हणून मोहात पडणार असाल तर क्रमांक तपासा. १ मार्च ते ३१ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या एम अँड पी ९ शील्ड ईझेडचे घोडे तडकू शकतात म्हणून कंपनीनेच नोव्हेंबर २०२० मध्ये ती परत मागवली होती. कंपनीच्या साइटवर क्रमांक टाकला की कळतं.

स्लाइड वरवंट्याच्या पद्धतीनेही हलली नाही, तर एक वेगळी जात आहे: मागून वर उठणाऱ्या नळीची पिस्तुलं. बाजूची तरफ दाबली की नळी मागच्या टोकाने टुण्णकन वर उठते, पहिली गोळी हाताने सरळ नळीत ठेवायची, नळी खाली दाबायची, मॅगझिन सरकवायचं. स्लाइडला हात लावायचं कामच नाही. बेरेटाचं टॉमकॅट .३२ मध्ये असं आहे, आणि तुर्की बनावटीचं गिरसान एमसी१४टी .३८० मध्ये, अंगाने जरा मोठं. कल्पना इतकी सुंदर आहे की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नळी दहा वेळा उघडमीट केली. पण टॉमकॅटमध्ये मेख अशी की त्यात काडतूस बाहेर खेचणारी नखीच नाही, रिकामं टरफल वायूच्या जोरावर बाहेर पडतं. गोळी फुसकी निघाली तर वायू नाही, टरफल नळीतच. मग नळी उचलून ते नखाने उकरावं लागतं, आणि तुमची नखंबोटं कशी आहेत ते तुम्ही जाणता. शिवाय पहिल्या गोळीचा चाप लांब आणि जड. म्हणून हे मी दुसऱ्या क्रमांकावरच ठेवते.

.२२ चं पिस्तूल मात्र हिणवू नका. टॉरसचं टीएक्स२२ सगळ्यात हलक्या स्लाइडपैकी, चाप छान, धक्का म्हणजे टाळी वाजल्यासारखा. .२२ ची गोळी मधूनच फुसकी निघते आणि पिस्तुलात ती काढायला स्लाइड ओढावी लागते, ही तिची कमजोरी. पण ज्या हाताला .३८० च्या दहा गोळ्यांनंतर बर्फ लावावा लागतो, त्याने .२२ च्या शंभर झाडून नेम पक्का करावा. काही जणींना मी तेच घरात ठेवायला सांगितलंय. पाचही गोळ्या ताटलीएवढ्या जागेत बसतात ते .२२, भिंतीत कुठेतरी जाणाऱ्या .३८ पेक्षा बरं.

रिव्हॉल्व्हरच हवं असा हट्ट असेल तर .३२ कडे बघा. तुमच्या वडिलांकडे सांगलीला लायसन्सचं .३२ होतं, असं लिहिलंत. भारतात .३८ आणि ९ एमएम सामान्य लायसन्सवर मिळत नाहीत म्हणून लायसन्सवाल्या घरांत बहुधा .३२ असतं. कानपूरला बनणारं सरकारी रिव्हॉल्व्हर .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हेच काडतूस खातं. त्याचा धक्का मवाळ असतो, तुम्हाला लहानपणी "काहीच जाणवलं नाही" ते म्हणूनच. २०२४ पासून स्मिथ अँड वेसन ४३२ आणि ६३२ ही हलकी .३२ रिव्हॉल्व्हरं नव्याने काढतंय, सहा गोळ्यांची, आणि त्यांत ते जुनं मवाळ काडतूसही चालतं. धक्क्याचा प्रश्न सुटतो. चापाचा सुटत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी नाहीच. लिहिलं एवढ्यासाठी की हे वाचणाऱ्या एखाद्या काकांची तर्जनी शाबूत असेल आणि फक्त मनगट दुखत असेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तपासायचं कसं. दुकानात जायची वेळ सकाळी उठल्या उठल्याची ठेवा. ऱ्हुमॅटॉइडमध्ये हात तासभर, कधी जास्त, आखडलेले असतात. दुपारी चारला तुम्ही वेगळ्याच बाई असता. रात्री अडीचला उठवल्यावर तुमचे हात सकाळचे असतात, दुपारचे नाहीत. दुकानं दहाला उघडतात, तेव्हा नेमकं आखडलेल्या वेळी जमलं नाही तर आदल्या दिवशी बागकाम करा, कणीक मळा, आणि थकलेल्या हातांनी जा. मी चेष्टा करत नाहीये.

काउंटरवर पिस्तूल रिकामं आहे हे त्याला दाखवायला लावा, स्वतः बघा, बोट घालून चाचपा. मग विचारून घ्या की चाप दाबला तर चालेल का. पहिल्या ओढीवर निर्णय देऊ नका, पहिली ओढ सगळ्यांना येते. स्लाइड लागोपाठ दहादा ओढा आणि आठवी, नववी, दहावी कशी गेली ते लक्षात ठेवा. चाप दहादा, हात लांब करून, नळीच्या टोकावर एक नाणं ठेवायला सांगा. नाणं पडत नाही तिथपर्यंत तो चाप तुमचा. स्लाइड मागे अडकवायची कळ, मॅगझिन सोडायचं बटण, सेफ्टी, ही तिन्ही त्याच हाताच्या अंगठ्याने पोचतात का बघा. इथे बहुतेकांची गाडी अडते, आणि दुकानात हे कुणी बघत नाही. रिकामं मॅगझिन आणि दोन नकली गोळ्या मागा, भरून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी हात किती सुजलाय ते बघा. तो आकडा मला कळवा, बाकी ब्रँडबिंड नंतर. आमच्याकडच्या बहुतेक रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. दोन पिस्तुलं, प्रत्येकी तीस गोळ्या, यावर जो पैसा जाईल तो चुकीचं हत्यार घेऊन तोट्यात विकण्यापेक्षा खूप कमी.

मॅगझिन भरायला अपलुला नावाचं एक यंत्र मिळतं, मॅगलुला या इस्रायली कंपनीचं, तळहाताने दाबायचं, अंगठा लागत नाही. ईझेड सोडून काहीही घ्या, हे सोबत घ्याच.

मनगट सैल राहिलं की पिस्तूल अडकतं, हे तुम्हाला कुणीतरी सांगेल आणि घाबरवेल. यात तथ्य आहे. स्लाइडला मागे यायला मुठीने टेका द्यावा लागतो; मूठच स्लाइडबरोबर मागे गेली तर टरफल नीट बाहेर पडत नाही. हलक्या प्लास्टिकच्या पिस्तुलात हे जास्त होतं. पण मनगटाचा पट्टा बांधून मारलं तर पुष्कळ कमी होतं, आणि कोपर किंचित वाकलेलं, दुसरा हात समोरून घट्ट वेढलेला. ताकद दुसऱ्या हाताची वापरायची, चापाच्या हाताने फक्त चाप. आणि हो, दवाखान्यात "ट्रिगर फिंगर" म्हणतात तो आजार, बोट वाकलं की खटकन अडकून बसतं तो, तुमच्या उजव्या तर्जनीला असेल तर आधी त्याचा इलाज. डॉक्टरांना हसू येईल, येऊ दे.

ठेवायचं कुठे? बोटांच्या ठशाची तिजोरी घेऊ नका. वय झालं की ठसे झिजतात, मशीन ओळखत नाही, फोनचंही तेच होत असेल बघा. चार-पाच मोठ्या यांत्रिक बटणांची तिजोरी घ्या, बॅटरीशिवाय चालणारी, आणि बटणं दुकानात स्वतः दाबून पाहा, काही फार कडक असतात. नातवंडं येतात म्हणालात. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं निष्काळजीपणे ठेवणं हा गुन्हा आहे. उशीखाली, ड्रॉवरमध्ये, पर्समध्ये, यातलं काहीच नको.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांत हमखास राहून जाते. दिवाळीला तुमच्या बहीणबाई टूरिस्ट व्हिसावर येतात. त्यांना "बघ तरी धरून" म्हणून पिस्तूल देऊ नका, रेंजवरही नेऊ नका. टूरिस्ट, एच-१बी अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथे हत्यार जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना चालतं. खरेदीच्या वेळी फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यावर गांजाबद्दल थेट प्रश्न असतो, राज्यात तो कायदेशीर असला तरी. सांधेदुखीवर गांजाच्या गोळ्या, गमीज घेणारे आपल्याकडेही पुष्कळ झालेत. त्यांनी सही करण्यापूर्वी तो प्रश्न दोनदा वाचावा. मुलाने खरोखर भेट म्हणून दिलं तर हरकत नाही, आणि तो टेक्सासचाच आहे. तो दुसऱ्या राज्यात असता तर तुमच्याकडच्या परवानाधारक दुकानामार्फतच द्यावं लागलं असतं. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियावाल्यांनी माझी वरची यादी तशीच्या तशी घेऊ नये. न्यू जर्सीत हँडगनसाठी आधी परवाना काढावा लागतो, आणि कॅलिफोर्नियात कुठली मॉडेलं विकता येतात त्याची सरकारी यादीच आहे.

एक विचारते, रागावू नका. वर्षानुवर्षं दुखणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, आणि काही दिवस असे येतात की जगणं नकोसं होतं. तसे दिवस येत असतील तर हे सगळं राहू दे, हत्यार मुलाकडे ऑस्टिनला जाऊ दे, आणि ९८८ या आत्महत्या रोखणाऱ्या मदतवाहिनीला फोन करा, दिवसरात्र चालू असतो.

हे सगळं तपासूनही कुठलाच चाप, कुठलीच स्लाइड सकाळच्या हातांना झेपली नाही, असंही होऊ शकतं. मी अशा तिघीचौघींना "घेऊ नका" म्हणून सांगितलंय. त्यांच्या दाराच्या चौकटीत कुलपाच्या पट्टीला तीन इंची स्क्रू मारून घेतले, कारण बहुतेक दारांत पाऊण इंची असतात आणि एका लाथेत चौकट फाटते. झोपायच्या खोलीला भक्कम दार बसवलं, फोन उशाशी, घराला अलार्म. एकीने कुत्रा पाळला, तो भुंकण्यापेक्षा झोपतोच जास्त, पण चोराला ते कुठे माहीत.

रिव्हॉल्व्हर एवढ्यात विकू नका. पुढच्या शनिवारी रेंजवर येताना ते रिकामं करून, कुलूपबंद पेटीत, गोळ्या वेगळ्या, असं मुलाला आणायला सांगा. साधे .३८ चे वॉडकटर नावाचे नरम काडतूस मी आणते, त्याने धक्का किती कमी होतो ते मुलाला कळू दे. तुमच्यासाठी ईझेड आणि सिक्युरिटी-३८० भाड्याने काढून ठेवते. सकाळची वेळ धरलीय. औषधाची गोळी घ्या, पण हात शेकू नका, आणि मनगटाचा पट्टा घालूनच या.